जोडी प्लॅनची मुदत

मी गाडी शिकवते. माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो आणि शिकणारा सरळ खांबाकडे निघाला की तो मी दाबते. आता अंगवळणीच पडलंय. कुठेही धोका दिसला की माझा पाय जमिनीवर दाबला जातो, मग मी बँकेत असो की दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत.

दोन वर्षांपूर्वी मोबाईलच्या दुकानात तो असाच दाबला गेला. तेव्हा आमचं लग्न ठरलेलं होतं. माझा होणारा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस हुशार, पण ‘फुकट’ हा शब्द ऐकला की विरघळलाच. दुकानातल्या काकांनी ‘जोडी प्लॅन’ पुढे सरकवला. दोन कोरे करकरीत फोन फुकट, दोघांत मिळून एकच डेटा, आणि दोन वर्षं ह्याच कंपनीचं सिम. दुसऱ्या कंपनीचं घातलं तर फोन चालणार नाही, मधेच सोडलं तर दंड.

“फुकट कुठलं? फोनचे पैसे दर महिन्याच्या बिलातून काढणार ते,” मी म्हणाले. “त्यापेक्षा साधा घेऊ, पण रोख देऊन अनलॉक घेऊ. वाटेल तेव्हा कंपनी बदलता येईल.”

“अगं, पण फुकट आहे ना!”

त्याचा चेहरा इतका फुलला होता की मीही सही करून टाकली. पण दुकानाच्या पायऱ्या उतरताना माझी धुसफूस चालूच होती. शेवटच्या पायरीवर तो वैतागला. “दोन वर्षं बांधून घ्यायची एवढी भीती वाटते, तर लग्न कशाला करतेस?”

झालं! मी त्यावर काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आठवडाभरात लग्न मोडलं.

“फोनपायी कुणी लग्न मोडतं का गं?” ताई म्हणाली.

“फोनपायी नाही, तत्त्वापायी,” मी म्हणाले आणि दार आपटलं.

लग्न मोडायला दंड नव्हता, प्लॅन मोडायला होता. तो म्हणाला, तू मोडतेस तर तू भर. मी म्हणाले, फुकटचा सोस तुला होता, तू भर. दोघंही हट्टाला पेटलेले. त्यामुळे लग्न मोडलं आणि जोडी तेवढी शाबूत राहिली.

पहिलाच महिना सरत आला तेव्हा त्याचा मेसेज आला. “डेटा संपत आलाय. स्वयंपाकाचे व्हिडिओ बघणं कमी कर. तसंही करून कुठे बघतेस?”

“तू दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात असतोस. तिथे रेंज नसते. मग तू कसला डेटा संपवतोस?”

“वर आल्यावर लोक गाड्या कशा ठोकतात ते बघतो. तुझेच विद्यार्थी असतील.”

दर महिन्याला हे असंच. आधी भांडण, मग टोमणे, मग नुसतीच थट्टा. महिनाअखेरीची मी वाट कधी बघायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. मधे एकदा तापाने अंथरुणाला खिळले होते. फोन उशीशी नुसता पडून होता. एका दुपारी मेसेज आला, “डेटा तसाच पडलाय. बरी आहेस ना?” मी उशीत तोंड खुपसून रडले. ताप चढला असं समजून ताई थर्मामीटर घेऊन धावत आली.

मला तो हवा होता. पण हे सांगायचं कुठल्या तोंडाने? लग्न मोडलं होतं मीच.

आणि प्लॅनची मुदत संपली. काकांचा निरोप आला, जोडी सोडवायची तर दोघांच्या सह्या लागतील, दोघंही या. ज्या करारावर मी एवढी आगपाखड केली, तोच संपू नये असं आता मला वाटत होतं. उद्यापासून डेटा ज्याचा त्याचा. मग मला मेसेज करायला त्याला निमित्त तरी काय उरणार?

तो कामावरूनच आला होता, कोपराला ग्रीस लागलेलं. काकांनी हात चोळले. “नवीन ऑफर आहे! आणखी दोन वर्षं जोडीत राहा, दोन नवे फोन एकदम फुकट!”

माझा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला. मनात म्हटलं, आता हा विरघळणार, आणि विरघळला तर मी चकार शब्द न काढता सही करणार.

“नको,” तो म्हणाला. “सुटं करा. आणि मला तो अनलॉक फोन द्या. रोख देतो.”

काकांचा आ वासलेला तसाच राहिला. माझाही राहिला असता, पण मी कसंबसं “मलाही तोच” म्हणाले. सह्या झाल्या. स्वतःचं सिम नव्या फोनमध्ये घालून तो “येतो” म्हणाला आणि निघूनसुद्धा गेला. काका माझ्या फोनची कसली कसली सेटिंग समजावत होते. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मी पायऱ्या उतरत होते तेवढ्यात फोन वाजला. त्यात अजून एकही नाव साठवलेलं नव्हतं, नुसतेच आकडे दिसत होते. ते आकडे मला तोंडपाठ होते.

“समोर बघ,” तो म्हणाला. रस्त्यापलीकडे नवा फोन कानाला लावून उभा होता.

“काय झालं? डेटा संपला?” मी विचारलं.

“तेच सांगतोय. आता डेटा वेगळा, दंड नाही, लॉक नाही. तुला फोन करायला काही कारणच उरलं नाही. तरी केला.” त्याने दुकानाकडे बोट दाखवलं. “आत हो म्हणालो असतो तर तुला वाटलं असतं, फुकटच्या फोनला भुलला. म्हणून आधी सुटा झालो. लग्न करतेस?”

“किती वर्षांसाठी?”

“तू म्हणशील तेवढी. मधेच सोडलंस तरी दंड नाही.”

“मग सोडतेय कशाला!” मी इतक्या मोठ्याने ओरडले की फोनची काही गरजच नव्हती. काका दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले.

रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा, हे मी रोज घसा फोडून शिकवते. मी कुठेच न बघता धावत सुटले. एका गाडीने करकचून ब्रेक लावला. बरं झालं, कारण त्या क्षणी तो माझ्याच्याने लागला नसता.