बसला तो राजी

उभ्या माणसाला काय म्हणायचंय ते ऐकून घ्यावं, एवढंही वळण उत्तरेश्वरला लागलं नाही, अशी धुरपदाबाईची तक्रार होती. उत्तरेश्वर तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. वळण लावायचं काम जावेचं, त्यामुळं ही तक्रार तिनं जाऊ जिवंत असतानाच सुरू केली होती. पुढं तो गावच्या दूध संस्थेचा चेअरमन झाला, तेव्हा तक्रार घरातून चावडीवर आली, एवढंच.

गाव येरमाळ्याच्या अलीकडं. संस्थेची पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये खव्याच्या भट्ट्या. डेअरीला घालून उरलेलं दूध बाया तिथं आटवायच्या आणि खवा पेढेवाल्यांना द्यायच्या. पहिली भट्टी धुरपदाबाईनं आपल्या हातानं लिंपली होती. शेत नवऱ्याचं, दूध डेअरीचं, खवा तेवढा आपला, असं ती कुणीही न विचारता सांगे.

संस्थेच्या सभेची एक रीत होती. हात वर केला की डोक्यावरचा पदर ढळतो, म्हणून बायांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं: बसला तो राजी, उभा राहिला तो नाराज. कुठल्या कायद्यात हे नव्हतं. पण कोण कशावर उभं राहिलं, हे गावात कुणी विसरत नसे.

मग कोरोना आला. लग्नं बंद, जत्रा बंद, खुद्द येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीच्या दाराला कुलूप. पेढा घेणार कोण? डेअरीनं दूध घेणं कमी केलं, भट्ट्या थंड पडल्या. माणसं जमवायची नाहीत म्हणून सरकारनं सहकाराचा कायदाही सैल केला. निवडणूक पुढं ढकला, आहे ती कमिटी राहू द्या, वार्षिक सभा फोनवर घेतली तरी चालेल. धुरपदाबाईला यात काही वावगं वाटलं नाही. दुष्काळात हळदीवाचून लग्न लागतंच की.

उत्तरेश्वरला तर ते फारच पटलं. फोनवरच्या पहिल्याच सभेत त्यानं विषय घेतला: भट्ट्या मोडायच्या आणि शेड एका खाजगी डेअरीला गोदामाला द्यायची. त्या डेअरीत त्याचा मेहुणा होता. हे त्यानं सभेत सांगितलं नाही. गावाला ठाऊकच होतं.

धुरपदाबाईची सून हर्षाली हिनं फोन रव्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. विषय ऐकला आणि धुरपदाबाई उठून उभी राहिली. घरोघरी सगळ्या बाया तशाच उभ्या राहिल्या. उत्तरेश्वरच्या फोनवर मात्र नुसत्या निऱ्या दिसू लागल्या. गोंगाट नको म्हणून आवाज त्यानं आधीच सगळ्यांचे बंद केले होते. कुणाची हरकत नाही असं म्हणून त्यानं ठराव मंजूर केला, सभेचे आभार मानले आणि फोन ठेवला. धुरपदाबाई बराच वेळ उभीच.

"आत्या, सभा संपली," हर्षाली म्हणाली. "बसा आता."

त्या खाजगी डेअरीचेही दिवस बरे नव्हते. शेड नंतर घेऊ म्हणाली, म्हणून भट्ट्या वाचल्या. साथ ओसरली, पेढेवाले खवा मागू लागले, आणि तेव्हाच त्या खाजगी डेअरीलाही शेडची आठवण झाली. बायांनी भट्ट्या पेटवल्या, तर उत्तरेश्वरनं विझवायला सांगितलं. ठराव झालाय म्हणाला. पुढची सभाही तो फोनवरच घेणार होता. पण एव्हाना सवलत संपली होती. सभा समोरासमोर घ्या आणि निवडणुकीच्याही तयारीला लागा, असं वरून कळवलं गेलं.

सभा मारुतीच्या सभामंडपात भरली. पहिला विषय नेहमीचाच, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय आजवर कुणी ऐकलेला नव्हता, कारण तेव्हा चहा येतो. सचिव शिवपुत्र वाचत शेडच्या ठरावावर आला आणि धुरपदाबाई उठली. पाठोपाठ सगळ्या बाया. सभासदांपैकी नबीलाल चहा घ्यायला उठला होता, तो तसाच थांबला. आता बसलं तर राजी ठरू, हे त्याच्या लक्षात आलं. मग गडीमाणसंही एकेक करून उठली. सतरंजी मोकळी झाली. शिवपुत्रनं वाचणं थांबवलं.

उत्तरेश्वर खुर्चीतून उठला. काकू, बसून घ्या, म्हणाला. ठराव झाला तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती, आणि फोनवरची सभा कायद्यालाच मान्य होती.

धुरपदाबाईनं पदर सारखा केला.

"कायद्याला मधी आणू नको, उत्तरेश्वर. अडचण आली तवा त्यो वाकला, अडचण सरली तवा आपल्या जागी गेला. तू न्हाय गेलास. त्या दिशी बी आमी उभ्याच हुतो, आन् तुला निऱ्या दिसत हुत्या. निऱ्या बघून बाई उभी हाय का बसली, हे ज्याला कळत न्हाय, त्यानं दुसऱ्याच्या भट्टीत हात घालू नये. भट्ट्या ऱ्हातील. आता तू बस खाली. बसलास की आमी समजू, तू बी राजी हाईस."