खिडक्या मिटवणारा कर्णा

मित्रांनो, मी एक भित्रा कर्णा आहे. जुना तर आहेच. माझ्या ॲल्युमिनियमच्या तोंडाला चार ठिकाणी पोचे आले आहेत. पण खरी ओळख विचाराल तर भित्रेपणा हीच. तोंड एवढे मोठे आणि काळीज एवढेसे, असे म्हणून तुम्ही हसाल. हसा बापडे. माझी गोष्ट ऐकून तुम्हालाही थोडी भीती वाटली, तर मला बरेच वाटेल.

माझा जन्म बंगळुरातल्या एका कारखान्यात झाला. पत्रा दाबणाऱ्या यंत्राची धडकी तेव्हापासूनच माझ्या अंगात भरली. तिथून मी म्हैसूरला शेषगिरींच्या दुकानात आलो. शेषगिरी मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देतात. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात निम्मी कानडी. त्यांनी मला रिक्षाच्या टपावर बांधले, माइकवर टिचकी मारली आणि म्हणाले, "हलो, ओंदु, एरडु, मूरु." एक, दोन, तीन. हे माझे पहिले शब्द. किती निर्मळ होते ते! त्यांत कुणाला कसलेही वचन नव्हते.

तलकाडच्या जत्रेत वाळूत चुकलेल्या मुलांची नावे मी पुकारत असे. नाव कानी पडताच कुणाची तरी आई पदर सावरत धावत येई. माझ्या आवाजाने माणसे धावत येतात, याचा मला फार अभिमान होता.

मग अंबाजीराव आले. ते शेषगिरींचे शाळासोबती, गोड गळ्याचे, माणसांत मिसळणारे. म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीच्या पलीकडे चिक्ककेरे नावाचे तळे आहे. त्याच्या बांधावर उभे राहून ते पहिल्यांदा माझ्यातून बोलले, तेव्हा ते घागर चिन्हाच्या पक्षात होते. "या तळ्याची ओंजळभर मातीही मी कुणाला देणार नाही!" टाळ्या थांबेनात. मीही त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवला.

पाच वर्षांनी ते शिडीच्या पक्षात गेले आणि तळे-समितीचे अध्यक्ष झाले. त्याच बांधावर ते म्हणाले, "तळे केव्हाच मेले आहे. माणसांना घरे नकोत का?" बांधाच्या पायथ्याशी साठ घरे उभी राहिली. पुढे ते पणतीच्या पक्षात आले आणि म्हणाले, "हे तळे मीच वाचवले." बांधावर फिरायला फरशी घातली, रंगीत कमान उभारली. त्या उद्घाटनाला मी हजर होतो. तळे भरले की जादा पाणी बाहेर जायची जी वाट, तो सांडवा, मुरूम टाकून बुजवला होता आणि त्याच्यावरच ती कमान होती. सांडवा बुजवायच्या परवानगीच्या कागदावर सही अंबाजीरावांची होती. ते पाहून माझी पाचावर धारण बसली, पण मी काय बोलणार? तोंड माझे, जीभ दुसऱ्याची.

प्रत्येक निवडणुकीला शेषगिरी नवे चिन्ह घेऊन मला चिकटवायला येत. "अंबू, जुना स्टिकर काढू का रे?"

"वरच लाव. सुम्ने, उगाच खरवडत बसू नको," अंबाजीराव म्हणत. "पक्ष बदलला म्हणजे मी बदललो का? काम करायचं तर सत्तेत पाहिजे, अल्वा? हो ना?"

आणि हे ते अगदी मनापासून म्हणत. हीच तर गंमत होती. तीन वेळा तीन गोष्टी बोलले, पण तिन्ही वेळा त्यांचा गळा सारखाच दाटून आला.

त्या साठ घरांत मृदुलाचे घर होते. ती नोकरीसाठी नाशिकहून आलेली. एका सभेत तिने विचारले, "काका, इथे सांडवा होता म्हणतात. मग आता पाणी जातं कुठून?"

"भिऊ नको मगा," अंबाजीराव लेकीशी बोलावे तसे म्हणाले. "आपल्या माणसांना मी फसवीन का? मी आहे अल्वा!"

परक्या गावात आपली भाषा ऐकली की माणूस विरघळतो. मृदुला हसून खाली बसली. पण ते खोटे तिच्यापर्यंत मीच पोचवले होते.

पण लोक किती दिवस फसतील? हळूहळू आमची रिक्षा त्या साठ घरांच्या गल्लीत शिरली की पहिली खिडकी बंद होई. मग दुसरी. मग ओळीने सगळ्या. मृदुलाची सर्वांत शेवटी मिटे, पण मिटे.

मग तो ऑक्टोबर उजाडला. चार दिवस पाऊस हटायला तयार नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी अंबाजीरावांना फोन आला की बांध कमानीपाशी पाझरतो आहे. ते छत्रीही न घेता शेषगिरींच्या दुकानात शिरले. पुढच्या आठवड्यात अंबाजीरावांचे निवडणुकीचे तिकीट जाहीर व्हायचे होते.

रिक्षा गल्लीत शिरली. बांध आमच्या डोक्याच्या वर होता आणि त्याच्या अंगातून गढूळ पाणी गळत होते. माझ्या तारा भिजल्या होत्या. अंबाजीराव ओरडले, "माझ्या प्रिय बंधुभगिनींनो, मी तुमचा अंबाजीराव! बांध फुटतो आहे, बाहेर पडा!"

पहिली खिडकी बंद झाली. मग दुसरी.

मित्रांनो, त्या वेळची भीती मी कशी सांगू? आत मुले होती, म्हातारी माणसे होती. मी घसा फोडून ओरडत होतो आणि माझ्याच आवाजाने माणसे घरात कोंडली जात होती. अंबाजीराव कानडीत बोलले, मराठीत बोलले. दोन फेऱ्या झाल्या. मृदुलाने खिडकीतून डोके काढले आणि विचारले, "आता कुठला पक्ष, काका?"

माइकमधून फक्त पाऊस ऐकू येत होता.

"अंबू, बोल की रे!" शेषगिरी रडकुंडीला आले.

मग ते बोलले. गळा दाटला नाही, शब्द सजले नाहीत. "सांडवा मी बुजवला. कागदावर माझी सही आहे. मृदुला, मी तुझ्याशी खोटं बोललो. कमानीखाली सांडवा आहे, म्हणून बांध तिथूनच फुटणार. मला शिव्या द्या, पण आधी बाहेर या."

मृदुलाची खिडकी मिटली नाही. तिचे दार उघडले. लेकीला कडेवर घेऊन ती पावसात उतरली आणि शेजारची दारे बडवू लागली. दारामागून दार उघडत गेले. पाऊण तासाने कमान कोसळली आणि पाणी छातीभर उंचीने त्या गल्लीतून धावले. घरे बुडाली, गाड्या वाहिल्या, पण माणूस एकही गेला नाही. कितीतरी वर्षांनी माझ्या आवाजाने माणसे धावत आली होती.

अंबाजीरावांचे तिकीट गेले. त्यांच्यावर खटला उभा राहिला. शेषगिरींनी माझे सगळे स्टिकर खरवडून काढले आणि मला वस्तीच्या सभागृहावर कायमचे बसवले. दर महिन्याला माझी चाचणी घेताना ते "ओंदु, एरडु, मूरु" म्हणत, तेव्हा खिडक्या उघडत. मला वाटले, आता माझे दिवस पालटले.

वर्ष झाले तेव्हा वस्तीने अंबाजीरावांचा सत्कार केला. मृदुलाने स्वतः त्यांच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा चढवला. "खरं बोलायला धीर लागतो, काका," ती म्हणाली. त्यांनी माइक हातात घेतला. खटल्याची तारीख जवळ आली होती आणि एका चौथ्या पक्षाचे लोक पहिल्या रांगेत बसले होते.

अंबाजीरावांचा गळा दाटून आला. तो ओळखीचा ओलावा ऐकताच मी गारठलो.

"त्या दिवशी तुम्हाला बाहेर काढायला मी सगळा दोष अंगावर घेतला," ते म्हणाले. "खरं सांगतो, ती सही माझी नव्हतीच."

टाळी एकही पडली नाही. मृदुला उठली. जाता जाता शेषगिरींपाशी थांबून तिने विचारले, "पुढच्या वेळी आम्ही कुणाचं ऐकायचं?" शेषगिरी माइकची तार गुंडाळत राहिले. थोड्या वेळाने तिची खिडकी मिटली. या वेळी सर्वांत आधी.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणत नाही. मी गंजलो तर नवा कर्णा मिळेल. जपायचा तो शब्द जपा. तुमच्याही हाती कधी माइक येईल; तेव्हा एवढेच आठवा की, कुणीतरी खिडकी उघडी ठेवून तुमच्याकडे कान लावला आहे.

आज चिक्ककेरेवर पुन्हा आभाळ भरून आले आहे. बांध नवा आहे, सांडवा मोकळा आहे, असे म्हणतात. मी इथून खाली पाहतो आहे. साठही खिडक्या बंद आहेत आणि मला फार भीती वाटते आहे.