मुख्याध्यापकांना ‘तू’

महिनाअखेरीस नुरजिहानचा जर्मनीत राहण्याचा परवाना संपत होता; त्यानंतर तिला तिकडे परत जाता आलं नसतं. तोवर इथे शाळा मिळाली नाही, तर गुरुवारच्या बसने तिला वुपरतालला काकांकडे परत पाठवायचं, असं तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. आम्ही कायमचे मायदेशी, तुर्कस्तानात आलो होतो. तेरा वर्षांची एकुलती एक लेक तेवढी तिकडे जाणार होती.

दोन शाळांनी नकार दिला होता. देनिझ्लीतली ही तिसरी, शेवटची.

"आले जर्मनीवाले!" कारकून म्हणाला. "मर्सिडीज कुठे लावलीत, वहिनी?"

"पायीच आलो, भाऊ."

माझा सोमवारचा रोजा होता. मनात बिस्मिल्ला म्हणत मी मुलीला आत नेलं.

मुख्याध्यापक काझिमबेय दाखला वाचत होते. "गणितात छान गुण आहेत. आवडतं?"

"खूप," नुरजिहान म्हणाली. "तुला आवडतं?"

दारातल्या कारकुनाचं हसू मावळलं.

"कोणाला विचारतेस हे?"

"तुला."

मी तिला हळूच चिमटा काढला.

"आई, चिमटे काय काढतेस?"

काझिमबेयनी दाखला माझ्याकडे सरकवला. "हिला वळण नाही, बाई. हिच्यापायी माझ्या बाकीच्या मुली बिघडतील."

दाखला घेतला असता, तर संपलंच होतं. मी हात पाठीमागे घेतले.

"वळण माझंच आहे, साहेब. तिकडच्या मास्तरांशी ती त्यांच्या भाषेत अगदी अदबीने बोलायची. पण आपली भाषा तिने फक्त माझ्या स्वयंपाकघरात ऐकली. तिथे ‘तुम्ही’ म्हणावं असं कोण होतं? मीच कधी शिकवलं नाही."

मग त्यांनी मुलीलाच विचारलं, "तू ‘तू’ म्हणतेस तरी कोणाकोणाला?"

"आईला, बाबांना. दुवा मागताना अल्लाहला." ती थांबली. "आणि आता तुला."

काझिमबेयनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"मला त्या यादीतून काढ, पोरी. मी तिथे बसायच्या लायकीचा नाही." त्यांनी अर्जावर शिक्का उमटवला. "परवापासून ये. पण पुन्हा एकदा जरी चुकलीस, तर नाव काढून टाकीन. कळलं?"

"कळलं... तुम्हाला."

"मला नाही, तुला कळायला हवं!"

कारकून खो खो हसला.

बाहेर रस्ता ओलांडताना मी तिचा हात धरला.

"सोडा हो. तुम्ही पुढे व्हा, मी येते."

"मला नको गं तसं म्हणूस."

"म्हणायलाच पाहिजे. घरात एक आणि शाळेत एक केलं, तर माझी जीभ घसरेल. मग पाठवाल मला काकांकडे."

मी हात सोडला. ती बेकरीवाल्यालाही ‘तुम्ही’, वाटेतल्या मांजरीलाही ‘तुम्ही’ म्हणत चालली.

घराच्या पायरीशी ती थांबली आणि अदबीने म्हणाली, "दार उघडता का, आई?"

मी उघडलं.