संत्र्याला आंब्याची पानं

माझी पुतणी श्रुती दुसरी पास झाली आणि घरावर संकट आलं. तिची शाळा म्हणजे पांढुर्ण्यातल्या सुधाबाईंच्या घराच्या खालच्या दोन खोल्या. तिसरी काढायची तर वरचा मजला लागला असता आणि बाईंचे गुडघे त्याला तयार नव्हते.

आमच्याकडे शाळा निवडायची पद्धत सोपी आहे. जितकी लांब, तितकी चांगली. वृषालीवहिनीने सौसरची शाळा शोधून काढली, कारण ती सौसरला होती. तिची बहीण सुचिता सौसरलाच राहते. तिचा मुलगा वैभव रोज पांढुर्ण्याच्या शाळेत येतो, कारण ती सौसरला नाही. दोन पिवळ्या बसगाड्या सकाळी वाटेत एकमेकींना क्रॉस होतात आणि ड्रायव्हर हात दाखवतात. पोरं आपापल्या गावातच ठेवून डिझेल वाचवावं, हे कुणाला सुचत नाही. सुचलं तर इंटरनॅशनल काय राहिलं?

सौसरच्या शाळेचं नाव बसच्या पुढच्या चाकापाशी सुरू होतं आणि मागच्या दारावर संपतं. त्यात दोन पर्वत आणि एक परदेशी नदी आहे. तिथे मुलाबरोबर आईबापांचीही मुलाखत असते, तीही इंग्रजीत. माझा भाऊ नितीनदादा संत्र्याचे बगीचे ठेक्याने घेतो. मंडीत दहा माणसांना गप्प करतो, पण 'प्लीज बी सीटेड' ऐकून उभाच राहतो.

"ऋषिकेश, तू चाल गार्डियन म्हणून," तो म्हणाला. "तसाही तू काय करून राहिला?"

मी बी.ए. आहे आणि पाच वर्षांपासून स्पर्धा परीक्षेची तयारी करून राहिलो. माझं इंग्रजी वेगवान आहे. बरोबर आहे असं मी कधी म्हटलं नाही.

गाडीत श्रुतीने मला कोपर मारलं. "काका, टेस्टमध्ये नापास झाली तर मले पहिलीत टाकतीन का?"

"कोन म्हणते?"

"आई फोनवर बोलून राहिली होती. सुधाबाईच्या साऱ्या पोरी चौथीत जातीन तवा मी दुसरीत राहीन." तिने बोटांवर मोजून ठेवलं होतं.

प्राचार्य मॅडम मूळच्या जवळच्याच मोहगावच्या, म्हणजे मराठीच. आमच्याशी त्या इंग्रजीत सुरू झाल्या, हिंदीत थांबल्या आणि मराठीकडे फिरकल्या नाहीत. त्यांनी श्रुतीसमोर एक चित्राचं कार्ड धरलं.

"व्हॉट इज धिस?"

श्रुतीने कार्ड हातात घेतलं, जवळ नेलं, लांब धरलं. "या संत्र्याले आंब्याचे पानं काऊन आहेत?"

"इन इंग्लिश, बेटा."

"धिस ऑरेंज. बट लीफ मँगो."

मॅडमनी कागदावर काही लिहिलं. मी ते उलट्या बाजूने वाचलं. फळ ओळखता येत नाही, असं होतं.

दादा खुर्चीच्या टोकावर आला. "मॅडम, पोरगी बरोबर बोलून राहिली. पानं आंब्याचेच आहेत. आमचा धंदाच आहे नं."

"देखिए, ये कार्ड दिल्ली से आते हैं."

दादा खुर्चीत मागे सरकला. दिल्लीत संत्र्यांना काय पानं येतात, ते त्याने पाहिलं नव्हतं.

"बच्ची का बेस वीक है," मॅडम म्हणाल्या. "फर्स्ट में डाल देते हैं. थर्ड की तो इंग्लिश टीचर भी पिछले हफ्ते छोड़ के गई."

श्रुतीने माझा शर्ट मागून धरला. आता मी बोलणं भाग होतं. "मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट," मी सुरू झालो, "बेसिकली, होलिस्टिकली, इफ वुई सी द चाइल्ड इन टोटॅलिटी..." पुढे मी काय बोललो ते मला आठवत नाही. बोलतानाही माहीत नव्हतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि तेच कार्ड माझ्यासमोर धरलं. "व्हॉट इज धिस?"

पानं मला दिसत होती. श्रुती माझ्याकडे पाहत होती.

"ऑरेंज, मॅडम," मी म्हणालो. "अ व्हेरी प्रॉमिसिंग ऑरेंज."

"मंडे से जॉइन कर सकते हैं?"

मी हो म्हणून गेलो. मग मॅडम हसून म्हणाल्या, "स्टाफ की बच्ची है, तो थर्ड में ही ले लेंगे." कार्ड तेच होतं, कागदावरचा शेराही तोच होता. वहिनीने पदराने कपाळ पुसलं. दादाने फॉर्म घेतला, चार घड्या घातल्या आणि आम्हाला बाहेर आणलं.

"तिसरीले इंग्रजी कोन शिकवनार?" गाडीजवळ त्याने विचारलं.

"मी."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग नाही टाकत."

"अहो, असं काय करता?" वहिनी रडकुंडीला आली. "तिसरीत घेऊन राहिले नं!"

"मी याले जन्मापासून ओळखतो. ज्या शाळेनं याले पाच मिनिटात मास्तर केला, तिच्यात मी पोरगी काय, बकरीबी नाही ठेवत."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. तिने गाडीचं दार उघडलं.

"काका, पानं तुले दिसले होते नं?" श्रुतीने विचारलं.

"दिसले होते."

"मंग?"

मी टायरमधली हवा तपासली.

श्रुती आता घरापासून दहा मिनिटांवरच्या शाळेत तिसरीत जाते. तिथल्या उत्तम सरांनी तिला नाव विचारलं आणि बाकावर बसवलं. वहिनीला ती शाळा अजून पटलेली नाही. फार जवळ आहे.

मी सहाला उठतो. वहिनी डबा देते. "भाऊजी, पाण्याची बाटली घेतली का?" म्हणते. गळ्यात ओळखपत्र अडकवून मी पिवळ्या बसमध्ये चढतो. श्रुती फाटकापर्यंत येते आणि "नीट अभ्यास कर" म्हणून सांगते. वाटेत वैभवची बस क्रॉस होते. तो हात हलवतो, मीही हलवतो.

पहिल्या दिवशी वर्गात गेलो आणि तेच कार्ड वर धरलं. चाळीस पोरं एका दमात "ऑरेंज!" ओरडली. त्यातली निम्मी बगीचेवाल्यांची होती. सगळ्यांना मी पास केलं.