सुटलेला दोर

टोकियोतल्या तोयोसुच्या ऑफिसात यामिनीच्या शेजारी लाम-सान बसायची. हाँगकाँगची, चाळिशीची, आणि बोलायला लागली की शेजारच्यानं हातातलं काम विसरावं अशी. नात्यागोत्यांसाठी तिच्याकडे कँटोनीज शब्दांची पोतडीच होती. जोडप्यामध्ये तिसरा येऊन बसला, की तो बल्ब. स्वतः बिनलग्नाची, तर स्वतःला विकून उरलेला ऊस म्हणायची आणि वर खुशाल हसायची. यामिनीला तिचं भारी कौतुक. आपल्याकडे असलं बोलायचं म्हणजे आधी दार लावून घ्यायचं.

त्यातला एक शब्द मात्र यामिनीच्या मनात घर करून बसला. लाम-सान सांगे, प्रेम जमलं की 'पाक-तो', दोन होड्या दोरानं बांधून चालल्या. मोडलं की 'लट-तो', दोर सुटला. कुणी सोडला, याची चौकशीच नाही.

यामिनीचा दोर दोन वर्षांपूर्वीच सुटला होता. घटस्फोट होऊन केदार पुण्याला गेला, पण ती राहायची त्या निशी-कसाईतल्या मराठी मंडळींसाठी तो अजून 'प्रोजेक्टवर' होता. थाप तिनंच मारली होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोन वर्षं तिनं निमित्तं काढली. यंदा मूळच्या मालवणच्या सुप्रभाकाकू स्वतः दारात आल्या आणि तिला घेऊनच गेल्या. वाणाला शंभर येनच्या दुकानातले डबे मांडले होते. काकूंनी कुंकवाचं बोट पुढे केलं. "केदारला उदंड आयुष्य मिळो," त्या म्हणाल्या.

आता खोटं थेट कपाळावर चढणार होतं.

"थांबा काकू. केदार प्रोजेक्टवर नाही. आमचा घटस्फोट झालाय, दोन वर्षं झाली. सांगायला जीभ रेटली नाही."

शेजारच्या अनुराधानं हळूच विचारलं, "अगं, पण चूक कोणाची?"

यामिनीला लाम-सान आठवली. "दोन होड्या बांधलेल्या होत्या, दोर सुटला. माझी ऑफिसातली मैत्रीण असंच म्हणते." एवढं बोलून तिनं पर्स उचलली. सवाष्णींच्या घोळक्यात आता आपलं काय काम?

"बस खाली," काकू म्हणाल्या. "होडी बुडाली नाही ना?"

"नाही."

"मग कपाळ पुढे कर. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला होडीलासुद्धा कुंकू लावतात. ती काय कुणाची बायको असते?"