अकरा वर्षांचा ठिपका

“बघ, मी एनए आहे,” आई म्हणाली.

तिनं लॅपटॉपवरच्या आलेखात एका ठिपक्यावर माउस टेकवला होता. टेकवला की छोटी चौकट उघडते. तिच्यात लिहिलं होतं, वर्षे ११, बदली एनए. आर नावाच्या आकडेमोडीच्या भाषेत एनए म्हणजे माहितीच नाही. या जागेवरून आईची बदली झालीच नव्हती, तर माहिती येणार कुठून?

आई पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सांख्यिकी सहायक. तिच्या खोलीत चार कपाटं आहेत, खिडकी एकही नाही. नोकरीच्या सुरुवातीला सहा महिने ती तलावावर होती, काठच्या खांबावर रोज सकाळी पाण्याची पातळी वाचायला. तिथं परत जायचं म्हणून तिनं तीन अर्ज केले. तिन्ही अर्ज साहेबांच्या ड्रॉवरमध्ये गुडूप. आणि आता त्याच साहेबांनी तिला सगळ्या कर्मचाऱ्यांचा आलेख करायला सांगितला होता. एक ठिपका म्हणजे एक माणूस. जितकी वर्षं एकाच जागी, तितका तो उजवीकडे. सोमवारी मोठे साहेब तो बघून बदल्या ठरवणार होते. आईचा ठिपका पार उजव्या टोकाला, एकटाच.

तिचं म्हणणं एवढंच की मोठ्या साहेबांचा माउस त्यावर गेला, तर चौकटीनं तिच्या वतीनं बोलावं.

मी नुकतीच शाळेत कॉम्प्युटरच्या स्पर्धेत पहिली आले होते, त्यामुळे माझे पाय जमिनीवर नव्हतेच. सरक, म्हणाले, आणि बसले. काय दाखवायचं ते सांगितलं नाही, तर चौकटीत आर वाट्टेल ते ओततं. मी मजकुराचा वेगळा स्तंभ केला आणि फक्त तेवढाच दाखव म्हणून बजावलं. पहिल्या खेपेला ओळ तोडायची खूण विसरले, तर आई झाली ‘सहायक११’. हे तर खोकल्याचं औषध वाटतंय, म्हणत ती पोट धरून हसली. दुसऱ्या खेपेला नीट जमलं:

सांख्यिकी सहायक
११ वर्षे या जागी
बदलीचे अर्ज: ३, मंजूर: ०

“फार टोचेल का गं?”

“टोचायलाच हवं,” मी म्हणाले.

सोमवारी ती आली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली. मोठ्या साहेबांनी म्हणे माउस स्वतःच धरला. माणसामाणसावर फिरवत गेले, चौकटी उघडताना बघून खूश झाले. आईच्या ठिपक्यावरही थांबले, वाचलं. हे कुणी केलं, विचारलं. साहेबांनी आईकडे बोट दाखवलं.

“तर म्हणाले, मग यांना कुठंही हलवू नका. सगळ्या विभागांचे आलेख असेच हवेत.” आईनं पर्स काढून ठेवली. “सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.”

कशाला एवढं छान केलं मी?

“माझ्यामुळेच झालं ना?”

“वेडी आहेस का? येतं ते काम काय मुद्दाम बिघडवायचं?”

तिनं लॅपटॉप उघडला, अर्जांच्या ओळीत ३ चे ४ केले आणि आपल्या ठिपक्यावर माउस नेला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, बाकीच्यांच्या चौकटी उजवीकडे उघडतात, आईची एकटीची उलटी, डावीकडे. मी म्हणाले, थांब, तेवढं सरळ करून देते.

“राहू दे,” ती म्हणाली. “टोकाला बाहेर जागाच नसते. म्हणून ती आत उघडते.”

तिनं माउस हलवला नाही. हलवला असता, तर चौकट मिटली असती.