माझे स्क्रू आतल्या बाजूला

मित्रांनो, मी दाराच्या आतल्या अंगाला बसवलेली एक जुनी कडी आहे. माझे जग चार बोटांचे. डावीकडे सरकले की दार उघडे, उजवीकडे सरकले की बंद. याहून दूर मी आजवर गेलेली नाही.

माझा जन्म यंत्रदुरुस्तीच्या एका कारखान्यात झाला. तिथे फिटर असलेल्या ठकीच्या बाबांनी जेवणाच्या सुट्टीत लोखंडी सळईचा तुकडा लेथवर चढवला, कानशीने घासला आणि मला आकार दिला. त्यांच्या या मुलीला तेरावे वर्ष लागले होते. घरातली सामानाची खोली आता तिची होणार होती. मला दारावर बसवून ते म्हणाले, "ठके, ही तुझी. कोणी कितीही ढकललं तरी हलायची नाही!"

ठकीने मला दहादा सरकवून पाहिले. "बाबा, भारी!" माझ्या वाट्याला आलेले सर्वांत मोठे कौतुक ते हेच.

दोन वर्षांनी ठकीला कशातच गोडी वाटेनाशी झाली. शाळेतून आली की ती मला उजवीकडे सारी आणि दाराला पाठ टेकून जमिनीवर बसे. रडतही नसे. आम्ही दोघी कोंडल्यासारख्या एकाच दाराला चिकटून असायचो.

बाबा विचारत, "नेमकं काय बिघडलंय? एक काहीतरी सांग, म्हणजे दुरुस्त करता येईल."

"काही नाही, बाबा."

"काही नाही म्हणे! तोंड बघ, गंजलेल्या नटासारखं. काय कमी आहे तुला?"

माणूस वाईट नव्हता. आवाज कुठून येतो ते ऐकायचे, भाग काढायचा, बदलायचा, हेच त्यांनी जन्मभर केले होते. मुलीचा कोणता भाग बदलायचा ते कळेना, म्हणून ते चिडत.

मग त्यांच्या हातून एखाद्या फिटरच्याच हातून होईल अशी चूक झाली. मी तेव्हा करकरू लागले होते. करकर ऐकली की आई म्हणे, "आहे वाटतं खोलीत," आणि तिला जेवायला हाक मारी. ठकीची घरात तेवढीच काय ती खबर. बाबांच्या कानाला मात्र ती करकर सोसेना. एका रविवारी त्यांनी मला काढून घासले, ग्रीस भरले. "बघ, कशी लोण्यासारखी सरकते!"

सोमवारी आईबाबा कामाला गेल्यावर ठकी दप्तरासकट मागे फिरली आणि तिने मला लावले. मंगळवारीही तेच. ती केव्हा आत गेली हे सांगायला आता माझी करकरच उरली नव्हती, म्हणून संध्याकाळी परतल्यावर कोणाला शंकाही आली नाही. गुरुवारी शाळेतून बाबांना फोन गेला, मुलगी चार दिवस आलेली नाही.

ते धावत घरी आले. दार ढकलले. मी हलले नाही.

"ठके, उघड! नाहीतर कडीच काढून टाकतो!"

पण माझे स्क्रू आतल्या बाजूला होते, आणि ते त्यांनीच घट्ट पिळले होते. मित्रांनो, माझ्या मजबुतीची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

हत्यारांची पेटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते दारापाशीच बसले.

"ठके, आहेस ना गं?"

"आहे."

"मला यंत्रांतलं सगळं कळतं. तुझं काही कळत नाही. नको सांगूस काय बिघडलंय ते. मी नुसता बसतो."

दाराला बाहेरून त्यांची पाठ टेकली आणि टेकलेलीच राहिली.

"ओरडणार नाही?"

"नाही."

"सकाळी उठले की अंगावर कोणी लोखंड रचून ठेवल्यासारखं वाटतं, बाबा. का, ते मलाच कळत नाही."

"आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. मलाही त्यांना विचारायचंय, तुझ्याशी बोलायचं कसं ते."

ठकीचा हात माझ्याकडे आला. अर्ध्यावर थांबला. मग तिने मला डावीकडे सरकवले.

ठकी अजून पूर्ण बरी नाही. दर आठवड्याला दोघे डॉक्टरांकडे जातात. कधी कधी ती अजूनही मला लावून बसते. तुमच्यातही कोणी असे बसत असेल. त्याला माझे एवढेच सांगणे, बाहेर आपले माणूस असेल तर "आहे" एवढे तरी म्हणावे. आणि बाहेर तुम्ही असाल, तर दार ढकलू नका, निघूनही जाऊ नका. आतून कडी काढायला फार वेळ लागतो. तेवढा वेळ बाहेर कोणीतरी बसलेले हवे.